खेळण्याचा स्क्रू

आमच्या वाईस कृष्णेच्या घाटावर सायंकाळी जी सेवानिवृत्त मंडळी जमते, तिच्या बोलण्यात काही विषय ऋतुमानाप्रमाणे परत परत येत असतात. सरकारच्या नियमांची थट्टा हा त्यांपैकीच एक. २०२३ सालच्या जानेवारीत कोणीतरी वर्तमानपत्रातील बातमी वाचून दाखविली, की मोठमोठ्या दुकानांतून आय. एस. आय. चिन्ह नसलेली हजारो खेळणी सरकारी अधिकाऱ्यांनी जप्त केली. त्यावर जो हशा उसळला, त्यात सर्वांत मोठा आवाज प्रस्तुत लेखकाचा होता. ‘प्रेशर कुकरला नियम असावा हे समजते, पण बाहुलीला आणि भोवऱ्याला नियम? आम्ही चिंचोके, गोट्या आणि फुटक्या बांगड्या यांवर वाढलो. आम्हांला काय झाले?’ असे मी म्हणालो, आणि ते सर्वांस पटले. छत्तीस वर्षे शाळेत शिकविलेल्या मनुष्यास आपले म्हणणे लोकांस पटते अशी एक वाईट सवय जडलेली असते. आजचा हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचे प्रायश्चित्त आहे.

घडले ते असे. आमचे कुटुंब एकत्र आहे. दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडे एका वाड्यात नांदतात. सर्वांत धाकटा नातू त्या वेळी एक वर्ष आठ महिन्यांचा होता. त्याजपाशी गाणे म्हणणारा एक प्लॅस्टिकचा मोर होता. गेल्या श्रावणात तो मोर मुका झाला व बाळाने आकांत मांडला. धाकटी सूनबाई बाहेर गेली होती. मी चष्मा लावून मोराच्या पोटाखालचे झाकण उघडले, आतला बटणसेल काढला, बाजारातून तसाच नवा आणून बसविला. परंतु झाकणाचा तो एवढासा स्क्रू हातातून निसटून कपाटाखाली गेला. वाकून शोधण्याचा कंटाळा आला. मी चिकटपट्टीचा तुकडा कापून झाकण बंद केले. मोर गाऊ लागला, बाळ हसू लागला, आणि मी स्वतःवर प्रसन्न झालो.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाळ एकाएकी लाळ गाळू लागला, खोकू लागला, आणि दूधभाताचा घास तोंडाजवळ नेताच मान फिरवू लागला. सूनबाईने खोलीत चौफेर नजर टाकली. मोर उताणा पडला होता, चिकटपट्टी लोंबत होती, आणि कप्पा रिकामा होता. ती एवढेच म्हणाली, ‘बाबा, सेल गिळला आहे. आत्ताच्या आत्ता निघायचे.’

त्या घटकेस मी काय म्हणालो, ते लिहिताना लाज वाटते. तरी लिहिले पाहिजे. मी म्हणालो, ‘घाबरू नकोस. एक केळे खाऊ घाल. आमच्या वेळी मुले पैसे गिळत. दुसऱ्या दिवशी शौचावाटे निघून जात.’ सूनबाईने आजवर माझा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. परंतु त्या दिवशी तिने उत्तरही दिले नाही. तिने बाळास उचलले, मुलाने मोटार काढली. गावातील डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले. सेल अन्ननलिकेत अडकला होता. नाण्याची कड चित्रात एकेरी दिसते, सेलची दुहेरी, कड्यात कडे असावे तशी. ती डॉक्टरांनी बोटाने दाखविली आणि पुण्यास दूरध्वनी करून पुढची सिद्धता करून ठेवली. खंबाटकीच्या घाटात मी मनात काय काय म्हणत होतो, ते माझे मला ठाऊक. पुण्यास पोहोचताच तासाभरात दुर्बिणीने सेल बाहेर काढला. अन्ननलिका एका बाजूस भाजून निघाली होती. बारा दिवस बाळ नाकातून घातलेल्या नळीवाटे दूध घेत होता. आज तो बरा आहे, खातो, धावतो. परंतु ‘आणखी दोन-तीन तास गेले असते, अथवा वर केळे घातले असते, तर आम्ही काही सांगू शकलो नसतो,’ हे शल्यविशारदांचे वाक्य माझ्या कानांतून अद्याप गेलेले नाही.

सेल गिळल्याने भाजते कसे, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. असला चपटा सेल सुमारे २० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढा असतो. तो अन्ननलिकेत अडकला म्हणजे दोन्ही बाजूंस ओले मांस टेकते व त्यातून वीज वाहू लागते. ऋण बाजूस तीव्र दाहक क्षार उत्पन्न होतो, आणि दोन तासांच्या आत मांस जळावयास लागते. सेल फुटावा लागत नाही. किंबहुना घड्याळ चालविण्यास निकामी झालेल्या जुन्या सेलमध्येही एवढे अनर्थ करण्यापुरती शक्ती उरलेली असते.

रुग्णालयातील बाकावर बसलो असता माझ्या मनात जे आले, ते पुस्तकी मनुष्याच्या मनात यावे तसेच होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बालकाची खेळणी कशी असावीत हे सांगितलेले आहे. ती चित्रविचित्र असावीत, आवाज करणारी असावीत, मनोहर असावीत. जड नसावीत, त्यांचे टोक तीक्ष्ण नसावे, ती तोंडात जाणारी नसावीत, प्राण घेणारी नसावीत, आणि भिववणारी नसावीत. तोंडात न जाणारे, या अर्थी आचार्यांनी ‘अनास्यप्रवेशी’ असा शब्द योजिला आहे. हा समास मी विद्यार्थ्यांस कितीदा सोडवून दाखविला असेल! आस्य म्हणजे मुख. ज्याचा मुखात प्रवेश होत नाही ते. समास सोडविला, गुण दिले, आणि अर्थ फळ्यावरच राहू दिला.

आता कोणी म्हणेल, की चरकाचार्यांनी सर्व सांगून ठेविले असता नवे नियम हवेत कशाला? येथेच खरी मेख आहे. तत्त्व जुने व स्थिर असते. माप मात्र काळाप्रमाणे घ्यावे लागते. श्रुती एक राहिली तरी स्मृती अनेक झाल्या, आणि प्रत्येक युगाचा आचार निराळा सांगावा लागला, हे आपल्या घरांत कोणास नव्याने शिकवावयास नको. तोंडात जाऊ नये, हे तत्त्व. परंतु कोणाच्या तोंडात, आणि किती मोठी वस्तू? आधुनिक मानकांत यासाठी एक लहानसे नळकांडे ठरविलेले आहे. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असून तळ तिरपा असतो. तीन वर्षांखालील मुलाचे खेळणे, किंवा ते आपटले, ओढले, पिळले असता सुटलेला त्याचा कोणताही भाग, या नळकांड्यात पूर्णपणे मावला तर ते खेळणे अनुत्तीर्ण. चरकाचार्यांचा एक शब्द असा मोजपट्टीवर उतरला आहे.

तथापि मोजपट्टीही पुरी पडत नाही, कारण खेळणी बदलतात. एके काळी सेल्युलॉइडच्या बाहुल्या घरोघर होत्या. दिसावयास सुबक, वजनास हलक्या, परंतु ठिणगी लागताच भडकणाऱ्या. म्हणून ज्वलनशीलतेचा नियम आला. रंग चकचकीत व टिकाऊ व्हावा म्हणून त्यात शिसे घालीत. ते चाटल्याने मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि त्यास निर्धोक अशी मात्राच नाही, असे पुढे सिद्ध झाले. २००७ साली अमेरिकेत शिसे असलेल्या रंगामुळे व निखळणाऱ्या लोहचुंबकांमुळे लक्षावधी खेळणी परत मागवावी लागली. त्यानंतर २००८ साली तेथे नवा कायदा झाला, आणि रंगातील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ६०० भागांवरून ९० वर आणली गेली. आपल्याकडेही घरगुती रंगांसाठी २०१६ च्या नियमांनी हीच ९० ची मर्यादा घातली.

लोहचुंबकाची गोष्ट तर विलक्षणच. एक गिळला तर बहुधा निभावते. दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांस ओढून धरतात आणि मधल्या भागास भोके पाडतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी कोरडे असता साबुदाण्याएवढे दिसतात. पोटात जाऊन अनेक पट फुगतात, आतडे बंद करतात, आणि क्ष-किरण चित्रात बहुधा दिसतही नाहीत. यास्तव, गिळता येईल असे खेळणे किंवा त्याचा भाग पाण्यात मूळ मापाच्या दीडपटीहून अधिक फुगू नये, असाही नियम करावा लागला. नळकांडे करणाऱ्यास चुंबक सुचला नव्हता, आणि चुंबकाचा नियम करणाऱ्यास मणी सुचला नव्हता. प्रत्येक नव्या नियमाच्या मागे कोणाच्या तरी घरातील एक मूल असते.

हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. अमेरिकेत २०२० साली दीड वर्षाची एक मुलगी दूरदर्शनसंचाच्या रिमोटमधील बटणसेल गिळून दगावली. तो सेल खेळण्यातला नव्हताच. खेळण्यांचा नियम रिमोटपाशी थांबला होता. तिच्या आईने खटपट करून २०२२ साली कायदा करविला, की बटणसेल असलेल्या कोणत्याही घरगुती वस्तूचा कप्पा लहान मुलास उघडता येऊ नये. तो कायदा त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो.

आपल्या देशात काय आहे? भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ साली परदेशांतून आलेल्या खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ६७ टक्के कसोटीस उतरले नाहीत. त्यानंतर २५ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्र सरकारने खेळण्यांचा गुणवत्ता आदेश काढला, आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांस आय. एस. आय. चिन्ह सक्तीचे झाले. साध्या खेळण्यांस आय. एस. ९८७३ आणि विजेवर अथवा सेलवर चालणाऱ्यांस आय. एस. १५६४४ अशी मानके आहेत. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. तो परवाना खरा की खोटा, हे भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बी. आय. एस. केअर’ या अ‍ॅपवर घरबसल्या पडताळता येते. आमच्या मोरावर हे चिन्ह होते. त्याच्या झाकणास स्क्रू होता, तो याच नियमामुळे. खेळण्यातील बटणसेलचा कप्पा लहान मुलास हत्याराविना उघडता येऊ नये, एवढ्यासाठीच तो तेथे बसविला होता. कोणा अज्ञात अभियंत्याने माझ्या नातवाचे रक्षण करून ठेविले होते, आणि मी ते रक्षण चिकटपट्टीच्या तुकड्यावर विकून टाकले.

या आदेशातून नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या व भौगोलिक मानांकन लाभलेल्या खेळण्यांस सूट दिलेली आहे. ती दयाबुद्धीची व योग्य आहे. प्रयोगशाळेचा खर्च लाकूड कोरणाऱ्या गरीब माणसाने कोठून करावा? सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे-भाज्या पाहून कोणाचे मन हरखत नाही? तथापि सूट कारागिरास आहे, मुलाच्या तोंडास नाही. म्हणून असे खेळणे घेताना ‘रंग कोणता लावता?’ एवढे विचारावे. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. उलट अभिमानाने उत्तर देतो.

नियम एकदा केला म्हणजे झाले, असेही नाही. युरोपीय संघाने खेळण्यांविषयी २००९ साली केलेला निर्देश अवघ्या सोळा वर्षांत अपुरा ठरवून २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. शरीरातील अंतःस्रावांत बिघाड करणाऱ्या रसायनांस त्यात बंदी आहे, आणि २०३० पासून तो लागू व्हावयाचा आहे. आपल्या आदेशाचेही असेच वेळोवेळी संस्करण होत राहिले पाहिजे. विशेषतः बटणसेलचा नियम खेळण्याच्या उंबरठ्यावर थांबता कामा नये. गाणारे शुभेच्छापत्र, दिवाळीचा लुकलुकणारा दिवा, वजनकाटा, मोटारीची किल्ली ही आपल्या लेखी खेळणी नसतील. परंतु रांगत्या मुलाच्या लेखी हाती येईल ती प्रत्येक वस्तू खेळणेच असते.

आता घाटावरील त्या प्रश्नाकडे वळतो: ‘आम्हांला काय झाले?’ ज्यांना काही झाले, ते घाटावर गप्पा मारावयास येत नाहीत, हे त्याचे उत्तर आहे. शेजारच्या वाड्यात माझ्याच बरोबरीचा एक मुलगा होता. चिंचोका श्वासनलिकेत अडकून तो तिसऱ्या वर्षी गेला. त्याच्या आईसमोर कोणी चिंचोक्यांनी खेळत नसे, आणि त्याचे नावही घरात कोणी काढीत नसे. नाव निघत नसे म्हणूनच आमच्या हिशेबात तो कधी आला नाही.

सरकारचा नियम दुकानापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आत तो आपणच चालवावयाचा असतो, आणि एकत्र कुटुंबात ते अधिक कठीण आहे. थोरल्या नातीचे मणी आणि मधल्या नातवाच्या ठोकळ्यांचे बारीक तुकडे ज्या जमिनीवर पडतात, त्याच जमिनीवर धाकटा रांगतो. म्हणून आमच्या घरी आता मोठ्यांची खेळणी माजघरातील उंच फडताळात असतात व खेळ मोठ्या चौरंगावर चालतो. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असे खोक्यावर छापलेले असता ‘आमचा बाळ फार हुशार आहे’ असे म्हणण्याची आपणांस खोड आहे. पण ती सूचना मुलाच्या बुद्धीविषयी नसून त्याच्या घशाच्या मापाविषयी असते. नवे सेल कुलपात ठेवावेत. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून ते वेगळ्या डब्यात साठवावे आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावे. जत्रेतून कोणी आप्ताने प्रेमाने आणलेले खेळणे नाकारू नये. परंतु पाहुणे गेल्यावर ते नीट पाहावे. आमच्या घरात माझ्या आजोबांच्या वेळचा, लाल रंगाचा लाकडी खुळखुळा आहे. चार पिढ्यांनी तो चोखला. आता तो कपाटात काचेआड आहे. तेथे तो शोभतो, आणि तेथून कोणास अपाय करीत नाही.

दैवयोगाने कोणा मुलाने सेल गिळल्याचा संशय जरी आला, तरी ओकारी काढू नये, केळे-भात-पाणी काही देऊ नये, आणि वाट पाहू नये. जेथे क्ष-किरण व दुर्बीण दोन्ही आहेत अशा रुग्णालयात तत्काळ निघावे. निघता निघता डॉक्टरांस दूरध्वनी करावा. एक वर्षावरील मुलास वाटेत मध चाटविण्याचा सल्ला अलीकडे दिला जातो. तो डॉक्टर सांगतील तरच आणि तसाच पाळावा, मधासाठी खोळंबू नये, आणि एक वर्षाच्या आतील मुलास मध कदापि देऊ नये. सेलचे रिकामे पाकीट सापडल्यास बरोबर घ्यावे. आजीबाईच्या बटव्यातील पुष्कळ गोष्टी अद्यापि खऱ्या आहेत. केळ्याची ही गोष्ट मात्र त्यातून काढून टाकली पाहिजे.

धाकटी सूनबाई प्रत्येक वस्तूबरोबर आलेले पत्रक आधी वाचते, म्हणून मी तिला थट्टेने ‘पत्रकपंडिता’ म्हणत असे. पुण्याहून परत आल्यावर मी तिची क्षमा मागितली. वडीलधाऱ्याने सुनेची क्षमा मागावी, ही आमच्या घरातील पहिलीच वेळ. तिला संकोच वाटला. ती म्हणाली, ‘बाबा, ते सोडा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस खेळणी तपासायचे काम तुम्ही घ्याल का?’ मी घेतले आहे. पहिल्या तारखेस नातवंडे आपापल्या टोपल्या घेऊन येतात. मी पेचकस घेऊन बसतो. तडे, सुटलेले टाके, निघू पाहणारे डोळे, सैल झाकणे पाहतो. मोठी नात वहीत नोंद करते. नापास झालेले खेळणे दुरुस्तीस जाते किंवा घराबाहेर जाते. शाळेतील परीक्षांहून ही परीक्षा मी अधिक काटेकोरपणे घेतो.

दिवाळीच्या साफसफाईत कपाट हलविले, तेव्हा तो स्क्रू सापडला. तो मी मोराच्या झाकणास पक्का बसविला. वाचकहो, आज रात्री जेवणे आटोपल्यावर आपापल्या घरातील खेळण्यांची टोपली दिव्याखाली घ्या, आणि एकेक झाकण अंगठ्याने दाबून पाहा. घटकाभराचे काम आहे. ते मी त्या चार दिवसांत केले नाही, म्हणून आज तुम्हांस सांगावयाचा मला अधिकार नाही. केवळ विनंती आहे.